रोजगार एका गावी, बिऱ्हाड दुसऱ्या गावी



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॉकटन नावाचे शहर आहे. शेतीमालाचा व्यापार आणि नदीवरील बंदर यांसाठी ते ओळखले जाते. या शहराच्या स्थानकातून पहाटे चार-साडेचारच्या सुमारास, बाहेर मिट्ट काळोख असताना, एक आगगाडी सुटते. अल्टामाँटच्या टेकड्या ओलांडून सुमारे १३८ किलोमीटरचे अंतर ती दोन तासांहून अधिक वेळात कापते आणि सॅन होजे येथे पोहोचते. ही गाडी १९९८ साली सुरू झाली. तिच्यातील प्रवासी सहलीस निघालेले नसतात. सॅन होजे व त्याच्या आसपासच्या गावांत नोकरी करणारी ही माणसे. त्यांचा पगार तेथे आहे. त्या पगारात परवडेल असे घर मात्र डोंगराच्या अलीकडे आहे.

सॅन होजेच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वी जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बागा पसरलेल्या होत्या. त्या बागांच्या जागी आधी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आणि मागाहून संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या. सॅन होजे, सनीव्हेल, सांता क्लारा ही नावे आता पुण्या-मुंबईकडील मध्यमवर्गीय घरांतही अपरिचित राहिलेली नाहीत. कोणाचा मुलगा, कोणाची सून तेथे नोकरीस असते. २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत या महानगरातील स्वतंत्र घराची मध्यम किंमत, म्हणजे निम्मी घरे जिच्याहून महाग आणि निम्मी स्वस्त विकली जातात ती किंमत, २० लाख डॉलरांच्या पुढे गेली. त्याच वेळी देशभरातील मध्यम भाव सव्वाचार लाख डॉलरांच्या आसपास होता. वीस लाखांत राजवाडा मिळतो असे कोणी समजू नये. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेले, पुढे मोटारीपुरती जागा आणि मागे छोटेसे अंगण असलेले बैठे घर, असेच त्याचे रूप बहुधा असते. ते बांधले गेले तेव्हा कारखान्यातील एखादा फोरमन एका पगारावर ते घेऊ शकत असे.

उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून अधिक रक्कम घरासाठी खर्च होत असेल, तर ते कुटुंब घरखर्चाच्या भाराखाली आहे असे अमेरिकेत मानतात. २०२२ साली अशी भाडेकरू कुटुंबे २ कोटी २४ लाख होती. म्हणजे दर दोन भाडेकरूंपैकी एक. जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या गणनेत ७ लाख ७१ हजार माणसे बेघर आढळली. हे सारे दारिद्र्याचे आकडे आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि, मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात लोकसंख्येच्या मानाने बेघरांची संख्या अगदी कमी आहे, आणि कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या सधन राज्यांत ती फार मोठी आहे. जेथे पैसा अधिक, तेथेच निवारा दुर्मीळ. हा उलटा हिशेब कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

मजुरीच्या मागे जाणारी माणसे

पूर्वी हिशेब सुलटा होता. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी डेट्रॉइटजवळील आपल्या मोटार कारखान्यात दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे फाटकाशी जमली. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेकडील सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक कापसाची शेते सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क या शहरांकडे गेले. तेथे त्यांच्यासाठी कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. घरांच्या खरेदीखतातच, हे घर कृष्णवर्णीयास विकू अथवा भाड्याने देऊ नये, असे कलम घातलेले असे. अशी कलमे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९४८ चा. आणि घरांच्या बाबतीतील भेदभाव कायद्याने निषिद्ध होण्यास १९६८ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन येथे १९४७ ते १९५१ या अवघ्या चार वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती अल्प किमतीत, सरकारी हमीच्या कर्जावर मिळाली. मात्र फक्त गोऱ्या सैनिकांना.

इतका अन्याय असूनही एक व्यवहार चालू होता. कमी मजुरीच्या मुलखातून जास्त मजुरीच्या मुलखात गेलेल्या कामकऱ्याच्या हाती, खोलीचे भाडे वजा जाता, चार पैसे अधिक उरत. त्यामुळे माणसे जात राहिली आणि गरीब व श्रीमंत राज्यांच्या उत्पन्नातील अंतर १८८० पासून जवळजवळ शंभर वर्षे कमी होत गेले. १९८० नंतर ही गती मंदावली.

पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण शोधले आहे. त्यांनी उदाहरण घेतले ते वकिलाचे आणि इमारतीची झाडलोट करणाऱ्या कामगाराचे. १९६० च्या सुमारास दक्षिणेतून न्यूयॉर्क परिसरात गेल्यास घरखर्च वजा जाऊनही दोघांचा लाभ होत असे, आणि कामगाराचा लाभ प्रमाणाने अधिक असे. २०१० च्या सुमारास वकिलाचा लाभ शिल्लक होता. कामगार मात्र घरभाडे देऊन दक्षिणेतल्यापेक्षाही मागे पडत होता. न्यूयॉर्कची मजुरी घटली नव्हती. त्या मजुरीतील वाढ घरमालकाच्या खिशात जात होती.

साहजिकच लोकांचा ओघ फिरला. ह्यूस्टन, ऑस्टिन, फीनिक्स, शार्लट ही शहरे वाढली, आणि कॅलिफोर्नियातून बाहेर जाणाऱ्या अमेरिकनांची संख्या तेथे येणाऱ्यांहून अधिक झाली. माणसे पूर्वी मजुरी पाहून गाव निवडत. आता छप्पर पाहून निवडतात.

एका खेड्याचा ठराव

मागणी वाढली की पुरवठा वाढतो, असे अर्थशास्त्राच्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात असते. मग सॅन होजेत घरे वाढली का नाहीत? जमीन संपली, हे उत्तर अपुरे आहे. जमिनीवर आडवे न पसरता उभेही बांधता येते. तसे बांधण्यास मनाई आहे, हे खरे उत्तर. ही मनाई वॉशिंग्टनने केलेली नाही. ती नगरपरिषदांनी, किंबहुना काही ठिकाणी गावसभांनी केलेली आहे.

क्लीव्हलँड शहराजवळ युक्लिड नावाचे खेडे होते. कारखाने आपल्या अंगणात येऊ नयेत म्हणून तेथील ग्रामपरिषदेने १९२२ साली ठराव करून गावच्या जमिनीचे विभाग पाडले : येथे एका कुटुंबाची स्वतंत्र घरे, तेथे दोन बिऱ्हाडांची, पलीकडे चाळवजा इमारती, त्याहून पलीकडे उद्योग. एका जमीन कंपनीने या ठरावास आव्हान दिले. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला आणि निकालपत्रात बहुबिऱ्हाडी इमारतींची तुलना चक्क बांडगुळाशी केली. त्यानंतर हे विभागीकरण, ज्यास तेथे झोनिंग म्हणतात, देशभर फैलावले. वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे ठराव सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच अवैध ठरवले होते. उत्पन्नावरून वेगळ्या करण्यास मात्र या निकालाने दार उघडे राहिले, आणि त्या दारातून पुष्कळ काही आत आले.

याची व्याप्ती केवढी, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. २०१९ च्या एका पाहणीनुसार सॅन होजेतील निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठीच राखून ठेवलेली होती. सिॲटलमध्ये ८१ टक्के, लॉस एंजल्समध्ये ७५ टक्के. तेथे वडिलोपार्जित घरावर मजला चढवून धाकट्या भावाचे बिऱ्हाड थाटणे हा बेकायदा प्रकार होता. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून कायद्यात बदल करीत परसात छोटे दुसरे घर बांधण्यास मोकळीक दिली, ती यामुळेच.

याच राज्याने १९७८ साली सार्वमताने आणखी एक निर्णय घेतला. मालमत्ता कर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर गोठवण्यात आला आणि घर विकले जाईपर्यंत करपात्र किमतीत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करू नये असे ठरले. घरपट्टीच्या बोज्याने म्हाताऱ्या माणसांना घर सोडावे लागू नये, हा हेतू रास्तच होता. परिणाम मात्र दूरवर गेला. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या घरांपैकी जुन्या मालकाची घरपट्टी नव्या मालकाच्या काही अंशच भरू लागली. नगरपालिकांनाही हिशेब कळला. नव्या घरांबरोबर शाळा, पाणी, सांडपाणी यांचा खर्च येतो आणि कर थोडा मिळतो. दुकाने आणि कचेऱ्या आल्या तर विक्रीकर येतो आणि शाळा बांधावी लागत नाही. तेव्हा प्रत्येक गावाने कचेरी आपल्याकडे यावी आणि कर्मचाऱ्याने शेजारच्या गावात राहावे असे धोरण ठेवले. शेजारच्या गावाचेही तेच धोरण होते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जनसुनावणी. एखाद्या भूखंडावर चाळीस बिऱ्हाडांची इमारत बांधण्याचा अर्ज आला की नगरपरिषद सुनावणी ठेवते. सभागृह भरते. रहदारी वाढेल, सावली पडेल, गावाचे रूप बिघडेल, अशा हरकती एकामागून एक नोंदवल्या जातात. हरकत घेणारे लबाड असतात असे नाही. त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या घरात गुंतलेली असते. परंतु त्या चाळीस बिऱ्हाडांत जी माणसे राहावयास आली असती, ती सभागृहात नसतात. ती स्टॉकटनला असतात, किंवा अजून दक्षिणेतल्या एखाद्या गावी असतात, किंवा इमारत झाल्यास आपण तेथे राहू हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. त्यांना तेथे मत नाही. लोकशाहीच्या सर्व विधींचे काटेकोर पालन होऊन जो निर्णय होतो, तो केवळ आधी आलेल्यांचा निर्णय असतो.

स्वस्त घर आणि मुलाचे भवितव्य

मग सर्वांनी स्वस्त घरांच्या शहरी जावे, असे कोणी म्हणेल. येथे राज चेट्टी यांच्या संशोधनाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. दिल्लीत जन्मलेले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेलेले हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षावधी आयकर नोंदी तपासून २०१४ साली एक प्रश्न सोडवला : सर्वांत गरीब पंचमांशात जन्मलेले मूल मोठेपणी सर्वांत श्रीमंत पंचमांशात पोहोचण्याची शक्यता कोणत्या शहरात किती? १९८० च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सॅन होजे येथे ती १२.९ टक्के निघाली. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे ४.४ टक्के.

शार्लट हे काही मरगळलेले शहर नव्हे. मोठमोठ्या बँकांची मुख्यालये तेथे आहेत, नोकऱ्या वाढत होत्या, घरे स्वस्त होती, बाहेरून माणसे लोटत होती. तरीही तेथील गरीब घरचे मूल गरीबच राहण्याचा संभव अधिक होता. वस्त्यांतील वांशिक विभागणी, शाळांचा दर्जा, विषमता, शेजारपाजाऱ्यांचे परस्परसंबंध यांच्याशी या फरकाचा संबंध असल्याचे संशोधकांना आढळले. एकूण चित्र असे की, जेथे मुले वर चढतात तेथे बिऱ्हाड करता येत नाही, आणि जेथे बिऱ्हाड करता येते तेथे वर चढण्याची शिडी आखूड आहे. हा नियम सर्वत्र लागू नाही. परंतु जेथे लागू आहे तेथे एका पिढीचे नुकसान दुसरीच्या माथी येते.

नुसते घर असून भागत नाही, याचे उदाहरण डेट्रॉइट. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेल्या त्या शहरात २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार माणसे उरली. २०१३ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. रिकामी घरे हजारोंनी पाडावी लागली.

त्याहून बोलके उदाहरण मेक्सिकोचे आहे. उत्तर अमेरिका म्हटले की या देशाचा विसर पडतो. मेक्सिकोने १९७२ साली कामगारांसाठी राष्ट्रीय गृहनिधी स्थापन केला. मालकाने पगाराच्या पाच टक्के रक्कम त्यात भरावयाची आणि त्यातून कामगारास घरासाठी कर्ज मिळावयाचे, अशी ही योजना. २००० नंतर तिला प्रचंड वेग आला. जमीन स्वस्त म्हणून बांधकाम कंपन्यांनी शहरांपासून दूर, शेतांत, एकसारख्या छोट्या घरांच्या रांगाच रांगा उभ्या केल्या. मेक्सिको शहराच्या उत्तरेस हुएहुएटोका आणि सुंपांगो येथे अशा वसाहती आहेत. किल्ली मिळाली, छायाचित्रे निघाली, उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे अहवाल गेले. मग कुटुंबे राहावयास आली. नळाला पाणी नियमित नव्हते, शाळा दूर होती, आणि शहरातील कामावर जाण्यास एका बाजूस दोन-दोन तास लागत. बसभाड्यात पगाराचा मोठा हिस्सा जाऊ लागला, तेव्हा लोकांनी घराला कुलूप लावले आणि शहरात नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत मुक्काम हलवला. काहींनी कर्जाचे हप्तेही थांबवले. २०१० च्या जनगणनेत त्या देशात सुमारे ५० लाख घरे रिकामी आढळली. स्थलांतर आणि टोळ्यांचा हिंसाचार हीही त्यामागील कारणे होती, हे नमूद केले पाहिजे. पण घरे मोजणाऱ्या सरकारने घरापासून कामापर्यंतचे अंतर मोजले नव्हते, हे त्याहून मोठे कारण.

कॅनडाची अडचण वेगळी आहे. तेथे माणसे वेगाने आली. जून २०२३ मध्ये देशाची लोकसंख्या ४ कोटींवर गेली. भारतातून, त्यांत महाराष्ट्रातूनही, गेलेले विद्यार्थी टोरांटो परिसरात तळघरातील खोल्या वाटून राहू लागले. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. व्हँकूव्हरमधील चढ्या किमतींचा दोष परदेशी खरेदीदारांना देऊन २०१६ साली त्यांच्यावर १५ टक्के कर बसवण्यात आला. तरीही घरे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली नाहीत. माँट्रियल शहरात मात्र दीर्घकाळ भाडी हलकी राहिली. तेथे दोन-तीन बिऱ्हाडांची, रस्त्याकडून वर चढणाऱ्या लोखंडी जिन्यांची घरे पूर्वापार आहेत आणि ती कोणी बेकायदा ठरवली नाहीत. बहुतेक भाडेपट्टे ३० जूनला संपतात, आणि १ जुलैला अर्धे शहर पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघाल्यासारखे दिसते. अलीकडे मात्र तेथेही भाडी चढली आहेत.

बदलाचे प्रयत्न

मिनीआपोलिस नगरपरिषदेने डिसेंबर २०१८ मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घराचा निर्बंध उठवला आणि पुढे प्रत्येक इमारतीस मोटारींसाठी ठरावीक जागा सोडण्याची सक्तीही काढली. २०१७ ते २०२२ या काळात तेथील घरांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी केवळ एक टक्क्याने; त्याच काळात राज्याच्या उर्वरित भागात भाडी १४ टक्क्यांनी चढली. श्रेय मुख्यतः हमरस्त्यांवरील मोठ्या इमारतींचे आहे. तीन बिऱ्हाडांची घरे फारशी झाली नाहीत. पुढे पर्यावरणाच्या कायद्याखाली दावा होऊन योजना अडकली, आणि २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाला कायदा करून ती सोडवावी लागली. कॅनडाच्या केंद्र सरकारने ४ अब्ज डॉलरांचा निधी ठेवून, जी नगरपालिका आपले नियम सैल करील तिलाच पैसे, अशी अट घातली. एडमंटन शहराने १ जानेवारी २०२४ पासून नवे नियम लागू केले.

ह्यूस्टनचा मार्ग याहून गमतीचा आहे. तेथे विभागीकरणाचा कायदाच नाही. भूखंडाचे किमान क्षेत्र तेवढे ठरलेले होते. १९९८ साली शहराच्या मध्यभागात हे क्षेत्र ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणण्यात आले, म्हणजे साडेचार गुंठ्यांच्या जागी सव्वा गुंठा. ज्या गल्लीतील बहुसंख्य मालकांना बदल नको असेल, त्यांनी अर्ज करून आपली गल्ली वगळून घ्यावी, अशी सोय ठेवली गेली. विरोधाची धार त्यामुळे बोथट झाली. २०१३ मध्ये हा नियम सर्व शहरास लागू झाला. ह्यूस्टनचे सारेच अनुकरणीय आहे असे नाही. २०१७ च्या हार्वे चक्रीवादळात पूररेषेतील वस्त्यांचे काय झाले, ते जगाने पाहिले.

बाजारात घरे वाढली तरी तळाच्या कुटुंबाला भाडे परवडेलच, अशी खात्री नाही. त्यांच्यासाठी १९७४ पासून केंद्र सरकारची भाडेमदत आहे : उत्पन्नाच्या सुमारे तीस टक्के कुटुंबाने द्यावयाचे, बाकी सरकारने. पात्र कुटुंबांपैकी साधारण चौघांतील एकालाच ही मदत मिळते. १९९४ मध्ये पाच शहरांतील सुमारे ४,६०० कुटुंबांवर एक प्रयोग सुरू झाला. सोडत काढून काहींना अशी भाडेचिठ्ठी दिली की ती केवळ कमी दारिद्र्याच्या वस्तीतच वापरता यावी. तेरा वर्षांच्या आत जी मुले अशा वस्तीत गेली, त्यांचे पंचविशीतील उत्पन्न ३१ टक्क्यांनी अधिक निघाले. मोठ्या वयात गेलेल्या मुलांना असा लाभ झाला नाही.

चिठ्ठी हाती असूनही कुटुंबे जुन्याच वस्तीत का राहतात, हा प्रश्न मग सिॲटल येथे विचारला गेला. चेट्टी आणि त्यांचे सहकारी या प्रयोगातही होते. कुटुंबांना ती जुनी वस्ती प्रिय आहे, असा समज होता. २०१८ पासून काही कुटुंबांच्या सोबतीला एकेक कर्मचारी देण्यात आला. त्याने घरमालकांना दूरध्वनी करावयाचे, अर्ज भरून घ्यावयाचे, अनामत रकमेची सोय करावयाची, मालकाची शंका फेडावयाची, एवढेच काम. भाडेमदतीची रक्कम दोन्ही गटांना सारखीच होती. नेहमीच्या पद्धतीने चिठ्ठी मिळालेल्या कुटुंबांपैकी १५ टक्के कुटुंबे मुलांना अधिक संधी असलेल्या वस्तीत गेली. ज्यांच्या सोबतीला कर्मचारी होता, त्यांच्यापैकी ५३ टक्के.